सातव्या ट्रॅकवरचा वाटाड्या

सायमी हापासालोनं कापलेली कड कधी वाकडी गेली नाही, मग हातात चामडं असो की टेप. तेवीस वर्षं ती तांपेरे शहरातल्या एका जोड्यांच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर बसून चामडं शिवत होती. १९७४ साली कारखान्याला कुलूप लागलं, यंत्रं विकली गेली, बायका घरी गेल्या, आणि तो मजला आस्को नावाच्या एका रेडिओवाल्यानं भाड्यानं घेतला. त्याला तिथं गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ काढायचा होता. भिंती, खिडक्या, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सोलचे पडून राहिलेले गठ्ठे आणि सायमी, एवढा ऐवज आपल्याला एकाच किल्लीत मिळाला, असं तो सांगायचा.

ती गेली होती फरशी पुसायला आणि कॉफी करायला. नमद्याचे सोल भिंतींवर ठोकले तर घुमणारा आवाज मरेल, हे तिनंच सुचवलं. पुढं आस्को टेप कापून जोडताना एकाच जागी तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा ती फडकं खाली ठेवून म्हणाली, "सरक बघू." तिनं ब्लेड हातात घेतलं ते कायमचं. हळूहळू मशीन चालू-बंद करणं, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं, कुठल्या ट्रॅकवर काय आहे त्याचा तक्ता लिहिणं, हेही तिच्याकडे आलं. आस्कोला ते बरंच होतं, त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागायचं नाही.

रॉक संगीत तिला आवडायचं का? छे. शिलाईच्या यंत्रांचा गोंगाट तरी तालात असायचा, म्हणायची. पण तिचा एकुलता एक मुलगा इल्पो लेस्ती नावाच्या बँडमध्ये गायचा. लेस्ती म्हणजे जोडा ज्यावर चढवतात तो लाकडी कलबूत. कारखान्याच्या अडगळीत असले कलबूत ढिगानं पडले होते, त्यातलाच एक उचलून पोरांनी नाव ठेवलं. इल्पोचा बाप मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून स्वीडनला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून घरात दोघंच, आणि दोघांनाही एकमेकांची टर उडवल्याशिवाय जेवण जात नसे.

स्टुडिओच्या मशीनवर आठ ट्रॅक. आठ म्हणजे आठच, नववं काही भरायचं तर आधीचं काहीतरी पुसावं लागे. म्हणून तिथली पद्धत अशी होती: आधी वाद्यं भरायची, आणि गाणं कुठं वळतं हे वादकांना कळावं म्हणून गायकानं सातव्या ट्रॅकवर कच्चं गाऊन ठेवायचं. त्या आवाजाला सगळे वाटाड्या म्हणत. शेवटी गायकाचा खरा आवाज आठव्या ट्रॅकवर उतरला की वाटाड्याचं काम संपलं. तो पुसून टाकायचा आणि त्या जागी दुसरी गिटार, टाळ्या, काय हवं ते भरायचं. खरा आवाज उतरल्यावरच पुसायचा, आधी नाही. आस्कोचा हा नियम सायमीनं तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता.

पुसायचा वार शुक्रवार. हा वार कारखान्यातून आलेला. तिथं शुक्रवारी दुपारचा शेवटचा तास यंत्रं साफ करण्याचा असे आणि सुईखाली दोऱ्याचं टोक राहिलेलं मुकादमबाईला चालत नसे. सायमीच्या अंगात तो शुक्रवार इतका मुरला होता की स्टुडिओतले कॉफीचे कपसुद्धा त्या दिवशी सोड्यानं घासून उपडे ठेवल्याशिवाय ती दिवा मालवायची नाही.

१९७७च्या ऑक्टोबरात लेस्तीची पहिली लाँगप्ले रेकॉर्ड तयार होत होती. नऊ गाणी. गिटारी झाल्या, ऑर्गन झालं, सातव्या ट्रॅकवर नऊच्या नऊ वाटाडे झाले. नवव्या गाण्याचे ड्रम तेवढे वेयोच्या मनासारखे उतरले नव्हते. वेयो म्हणजे त्यांचा ड्रमर, इल्पोचा शाळेपासूनचा दोस्त, पोटासाठी ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर. तेवढं पुन्हा वाजवून घ्यायला गुरुवारी तो आणि इल्पो दोघंच आले. आस्को हेलसिंकीला रेकॉर्ड कंपनीकडे गेला होता, तेव्हा मशीनवर सायमी.

वेयोच्या हातात ताल होता, पण मोजणं त्याला बापजन्मी जमलं नव्हतं. कडवं कधी संपतं हे त्याला इल्पोचे ओठ बघूनच कळायचं. म्हणून बाकीचे बँड गायकाला काचेच्या खोलीत बंद करत, तसं लेस्तीला करता यायचं नाही. इल्पो ड्रमच्या पुढ्यात, वेयोपासून हातभर अंतरावर उभा राहून गायचा. सर्दीनं त्याचं नाक गळत होतं.

"रोज हजार पाव मोजतोस ना रे? मग चार ओळी मोजता येत नाहीत?" इल्पो म्हणाला.

"पाव गात नाहीत," वेयो म्हणाला. "तू आवाज कर आणि माझ्याकडे बघ."

"आई, ऐकतेस? याला माझ्याकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

"तुझ्याकडे बघणारं कुणीतरी आहे हेच नशीब," सायमी काचेपलीकडून म्हणाली. "नाक पूस आणि गा."

चौथ्या खेपेला ड्रम जमले. शेवटची झांज वाजवून वेयोनं काठ्या स्टुलावर टाकल्या आणि घड्याळ बघून तो पळालाच, भट्टीची पाळी चुकत होती. खोली पूर्ण शांत झाल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही ही सायमीची सवय, त्यामुळे टेप फिरतच होती. इल्पो खोकला, नाक ओढलं आणि काचेकडे तोंड करून आईला दोन वाक्यं बोलला. हे वाटाडे सगळे पुसून टाक, नाकातून गायलोय नुसता, कुणी ऐकायला नको. आणि मंगळवारी नीट गातो.

"आस्को रागावेल," सायमी मशीन बंद करत म्हणाली.

"आस्कोला काय करायचंय? वाद्यं तर झाली. पूस ना, आई."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मुलगा म्हणाला होता, हातही शिवशिवत होते. तिनं पहिलं रीळ चढवलं, सातव्या ट्रॅकचं बटण दाबलं आणि विणकाम घेऊन बसली. पुसायला तितकाच वेळ लागतो जितका गायला लागतो. दोन रिळं पुसून होईपर्यंत इल्पोसाठी चाललेल्या मोज्याची टाच झाली. मग तिनं कप घासले, तक्त्यातल्या सातव्या घरातलं 'वाटाड्या' खोडरबरानं खोडलं आणि दिवा मालवून घरी गेली.

शनिवारी इल्पो गाडीत सामान भरायला आला. त्यांचा वीर्रातच्या नाचघरात कार्यक्रम होता.

"पुसलं," ती म्हणाली.

"शाब्बास."

"टोपी घाल."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. परत येताना बाकीचे पुढच्या गाडीत होते, इल्पो सामानाची गाडी घेऊन एकटाच मागून येत होता. ओरीवेसीच्या अलीकडे जंगलातून एल्क, घोड्याहून उंच असं हरीण, आडवं आलं. आमच्याकडे दर शरदात असे दोघं-चौघं जातात. त्या उंच पायांच्या धुडाला गाडीचा पुढचा भाग नुसता पायांना लागतो आणि सगळं वजन काचेवर येतं.

रविवारी सकाळी दोन पोलीस आले. त्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या तेव्हाच तिला कळलं. तिनं त्यांना बसायला सांगितलं, कॉफी विचारली. ते नको म्हणाले तरी तिनं किटली चढवली आणि कप पुढ्यात ठेवून विचारलं, "आणि ते जनावर? ते मेलं का?" मेलं होतं. तिनं मान हलवली आणि वेलदोड्याचा पाव कापायला घेतला. पोलिसांना वाटलं, बाईला धक्का बसलाय, मागाहून कोसळेल. ती कोसळली नाही. पुढं दोन आठवडे ती रोज कामाला गेली. कॉफीला चव लागत नव्हती आणि बोटाला ब्लेड लागलं तर ते रक्त बघूनच कळायचं, एवढंच. तिला दुःख होतंय असं तिला स्वतःला म्हणवेना. तिला काहीच होत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

पुसलेला ट्रॅक मात्र रोज आठवायचा.

दफन नोव्हेंबरात झालं. रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन फुलं ठेवली आणि त्यावरच्या कार्डाच्या ओळी वाचल्या. वेयोला त्या वाचता येईनात, बँडच्या ऑर्गनवाल्यानं त्याच्या हातून कार्ड घेऊन पुऱ्या केल्या. सायमीनं आपलं कार्ड जोड्याच्या खोक्यावरचं माप वाचावं तसं वाचलं. नंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. तिथं वेयो तिच्याशेजारी येऊन बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"मावशी, आम्ही ठरवलंय. रेकॉर्ड काढायची."

"बरं."

"दुसरा गायक नको. त्याचा वाटाड्या आहे ना सातवर? नऊच्या नऊ गाण्यांचा आहे. तोच ठेवू. सर्दी तर सर्दी. आस्कोलाही पटलंय." त्यानं तिचा हात धरला. "सगळं गेलं असं नाही ना, मावशी. आवाज आहे त्याचा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं, तोंडातून "हं" एवढंच आलं, आणि कुणीतरी सँडविचचा खारा केक तिच्या ताटलीत वाढला.

नऊ दिवस ती मूग गिळून बसली. रोज सकाळी ठरवायची की आज आस्कोला सांगू, आणि रोज आस्को समोर आला की त्याला कॉफी विचारायची. भीती वाटत होती म्हणावं, तर तीही नव्हती. शब्द हातात घेऊन फिरावं आणि ते ठेवायला जागा सापडू नये, असं काहीतरी. दहाव्या दिवशी पोरं जमली. आस्कोनं रीळ चढवलं, सगळ्या ट्रॅकच्या आवाजाच्या सरकत्या दांड्या खाली ओढल्या आणि सातवी वर ढकलायला बोट लावलं.

"थांब, आस्को," सायमी म्हणाली. "सातवर काही नाही. मी पुसलं."

आस्को हसला. "काहीतरीच काय? पुसायच्या आधी तू तीनदा विचारतेस."

"पुसलं. तक्ता बघ."

त्यानं तक्ता बघितला. मग तरीही दांडी वर ढकलली, टेप चालवली. नुसती टेपची सरसर आली. त्यानं ती बरीच पुढं पळवली, तिथंही सरसर.

"नऊच्या नऊ?" वेयोनं विचारलं.

"नऊच्या नऊ."

"का?"

सायमीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं सांगितलं म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण इल्पो मातीत होता आणि स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हता. त्याच्या नावावर ढकलून आपण मोकळं व्हायचं, हे तिच्यानं होईना.

"शुक्रवार होता," ती म्हणाली.

वेयो उठला. कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी घालायची राहिली तशीच लोंबत ठेवून जिना उतरला. बाकीचे दोघं त्याच्या मागं गेले. आस्कोनं रीळ उतरवून डब्यात ठेवलं. शेवटी म्हणाला, "कॉफी ठेव."

हिवाळा लागला. शनिवारी संध्याकाळी इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, सायमीची पाळी असे. शेजारची राउहा सोबत यायची. सायमी तापल्या दगडांवर डावामागून डाव पाणी ओतत राही, वाफ अंगावर येई, आणि तिला ऊन लागलंय की थंड हेही कळत नसे.

"अगं बाई, पुरे कर," राउहा खालच्या फळीवर उतरून म्हणाली. "मला उकडून खायचंय का तुला?"

"कमीच आहे."

"कमी? माझे कान भाजले. तू रड एकदाची, सायमी. माझ्यासमोर रडलीस तर मी कुणाला सांगणार नाही."

"येत असतं तर रडले नसते का?" सायमी म्हणाली आणि आणखी एक डाव ओतला. राउहा टॉवेल गुंडाळून बाहेर गेली.

डिसेंबरात हेलसिंकीच्या कंपनीनं कळवलं की एक नवा गायक तयार आहे, वाद्यांवर त्याचा आवाज चढवून रेकॉर्ड पुरी करा. आस्कोनं वाद्यं तपासायला घेतली. एकेक ट्रॅक सुटा ऐकायचा, कुठं खरखर आहे का बघायचं. त्यानं ड्रमचे दोन ट्रॅक तेवढे चालू ठेवले, आणि ऐकता ऐकता तो बसल्या जागी ताठ झाला.

"सायमी, इकडे ये."

ती ओले हात पुसत आली. त्यानं आवाज वाढवला. ड्रम कानात बसत होते, झांजा डोकं उठवत होत्या, आणि त्यांच्या मागं, शेजारच्या घरात कुणी गात असावं तसा, इल्पो होता. वेयोच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभं राहून गायलेलं सगळं ड्रमच्या माइकमध्येही शिरलं होतं. काही शब्द कळत होते, काही झांजेखाली जात होते.

"ऐकलंस?" आस्कोनं विचारलं.

"नाकातून गातोय," सायमी म्हणाली. तिनं वाट बघितली की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. ती परत जाऊन भांड्यांना लागली.

आस्कोनं वेयोला बोलावून घेतलं. नवा गायक चढवायचा तर खालचा हा आवाज त्याच्यात लुडबुडणार, म्हणजे ड्रम पुसून पुन्हा वाजवावे लागणार. आणि इल्पोला ठेवायचं तर नवा गायक नाही. ड्रमच इतके वर काढायचे की त्यांच्यासोबत तोही वर येईल. गिटार, ऑर्गन मागं पडणार. रेकॉर्ड बिघडलेली वाटणार.

"बिघडू दे," वेयो म्हणाला.

"लोक तुला हसतील. सगळीकडे तूच धडाधडा."

"हसू देत म्हटलं ना. आता काही पुसायचं नाही इथं."

कंपनीच्या माणसानं फोनवर आकांत केला. मग पाचशेच प्रती काढू, या बोलीवर तो गप्प बसला. जानेवारीभर ट्रॅकांच्या मिश्रणाचं काम चाललं. वेयो भट्टीची पाळी संपवून अंगावर पीठ घेऊनच यायचा. सायमीशी तो एक शब्द बोलायचा नाही. ती समोर उभी असली तरी म्हणायचा, "आस्को, कॉफी आहे का विचार." आस्को म्हणायचा, "सायमी, कॉफी आहे का?" ती म्हणायची, "त्याला सांग, नाकासमोर किटली आहे." आणि आस्को बिचारा तेही सांगायचा. एरवी हसू आलं असतं असा प्रकार, पण त्या खोलीत तेव्हा कुणी हसत नव्हतं. वेयोचं चुकत होतं असंही नाही. त्याला दोस्ताचा आवाज हवा होता आणि तो या बाईनं शुक्रवार म्हणून पुसला होता.

फेब्रुवारीत मिश्रण झालेली गाणी कापून क्रमानं लावायला सायमीकडे आली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी थोडं शेपूट असतं, खुर्ची कुरकुरते, कुणी श्वास सोडतो, काठ्या खाली ठेवल्याचा आवाज येतो. वाद्याचा शेवटचा सूर विरला की तिथं ब्लेडनं तिरपा छेद द्यायचा आणि पुढं पांढरी कोरी पट्टी जोडायची. शेपटं सायमी कापते म्हणून आस्को ती कधी ऐकत बसत नसे. गाणं संपलं की तो पाइप पेटवायला खिडकीशी गेलेला असायचा. तिनं आठ गाण्यांची शेपटं कापली. छेद नेहमीसारखे नेमके गेले.

नववं गाणं 'तिसरा मजला'. लाँगप्लेचंही तेच नाव. तिनं हेडफोन लावले, शेवटच्या झांजेपाशी टेप आणली, हातानं रिळं सावकाश फिरवत छेदाची जागा शोधली, पिवळ्या पेन्सिलीनं खूण केली. खुणेच्या पुढं काय जातंय ते एकदा ऐकून मगच कापायचं, ही तिची शिस्त. तिनं टेप चालू केली.

झांज विरली. काठ्या स्टुलावर पडल्या. दार आपटलं. खोकला आला. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि गाण्यापेक्षा कितीतरी स्पष्ट, कारण आता त्याच्यावर वाजणारं काहीच उरलं नव्हतं:

"आई, हे सगळे वाटाडे पुसून टाक हं, नाकातून गायलोय नुसता, कुणी ऐकायला नको. मंगळवारी नीट गातो."

तिनं टेप थांबवली. ब्लेड हातात होतं आणि खूण समोर. कापायचं हाच हाताला ठाऊक असलेला मार्ग. त्यातून त्यानंच सांगितलं होतं की कुणी ऐकायला नको. एकदा ऐकलं होतं त्याचं, आणि काय झालं ते समोर होतं. कापलं तर हे तिच्यापाशीच राहिलं असतं, वेयोचा राग होता तसा राहिला असता, आणि तिला तो राग आता सवयीचा झाला होता. ठेवलं तर पाचशे लोकांच्या घरात तिच्या मुलाचं नाक ओढणं वाजणार होतं.

मग तिनं पेन्सिलीची खूण अंगठ्यानं पुसली आणि 'नीट गातो'च्या पुढं, त्यानंतरची शांतता संपते तिथं छेद दिला. डब्यावरच्या चिठ्ठीत प्रत्येक गाण्याचा वेळ लिहायचा असतो. तिनं शेपटासकट मोजून लिहिला, म्हणजे हेलसिंकीत तबकडी कोरणारा माणूस चूक समजून कापणार नाही. आपण मोकळं व्हावं म्हणून हे करतोय का, असं तिनं स्वतःला विचारलं. तिनं डबा बंद केला.

रेकॉर्ड एप्रिलात आली. तळ्यावरचा बर्फ काळा पडला होता, चालता येत नव्हतं आणि होडीही घालता येत नव्हती. त्याच आठवड्यात पेपरात चार ओळी छापून आल्या: लेस्तीच्या ड्रमरला गायक मिळाला नसावा आणि आवाज कमी करायचं बटणही, दूर कुठंतरी कुणी गातंय असा भास होतो, बहुधा शेजारी तक्रार करत असावेत. वेयोनं ते कात्रण भट्टीवरच्या लोकांना स्वतःच वाचून दाखवलं म्हणे.

शुक्रवारी दुपारी कंपनीकडून खोकी आली. बँडमधले उरलेले तिघं आणि आस्को स्टुडिओत जमले. सायमीनं पाव भाजून आणला होता. आस्कोनं एक प्रत काढून लावली. सगळे जोडे शिवायच्या जुन्या बाकांवर बसून ऐकत होते, म्हणजे जमिनीकडे बघत होते. ड्रम अतोनात मोठे होते. कान लावला की मागं इल्पो होता. वेयो ओठ हलवत होता, कडवी मोजत असल्यासारखा. एक बाजू संपली, दुसरी झाली, 'तिसरा मजला' आलं आणि गेलं. झांज विरली. आस्को सुई उचलायला उठला.

"राहू दे," सायमी म्हणाली.

काठ्या पडल्या. दार आपटलं. वेयोनं मान वर केली, ते दार त्यानंच आपटलं होतं. खोकला आला, नाक ओढलं गेलं, आणि इल्पो बोलला. मग सुई शेवटच्या रिकाम्या गोलात फिरत राहिली आणि आस्कोला हात पुढं करायचं सुचलं नाही.

वेयो पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "मावशी, हे सांगितलं का नाहीस?"

"त्यानं सांगितलं म्हणून काय झालं? बटण मीच दाबलं ना."

"मी तुला काय काय म्हटलं बाहेर. लोकांना."

"म्हटलंस ते कळलंय मला," सायमी म्हणाली. "तांपेरे केवढंसं आहे."

वेयो उठून तिच्याजवळ आला. काय करावं हे न कळून त्यानं तिचा रिकामा कप उचलला, किटलीतली कॉफी ओतली आणि तिच्या हातात दिला. कप पोळत होता. पोळतोय हे तिला कळलं. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला, सवयीनं उठली आणि बाकीच्यांचे कप गोळा करायला लागली. शुक्रवार होता, पाच वाजत आले होते.

"राहू दे आज," वेयो म्हणाला.

ती हातात तीन कप घेऊन उभी राहिली. मग ते तसेच खरकटे बाकावर ठेवले आणि त्यांच्याशेजारी बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली घातले.

"पुन्हा लाव," ती आस्कोला म्हणाली.

"पूर्ण गाणं?"

"नाही. तो बोलतो तेवढंच."